बहात्तर तासांचे ओझे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते बहुतेक व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनमध्ये जातो, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करतो आणि तिथेच प्राण सोडतो, एवढी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. या कथेला नागपूरचाही एक धागा आहे. कोटणीस ज्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून गेले, त्यातले वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य डॉ. एम. आर. चोळकर हे नागपूरचे होते. हे पथक सोबत एक रुग्णवाहिका घेऊन गेले होते.

कोटणीस यांच्या आयुष्यातील एक आकडा नेहमी कौतुकाने सांगितला जातो : बहात्तर तास न झोपता केलेल्या शस्त्रक्रिया. आपत्कालीन सेवेत काम करणाऱ्यांवर किती भार पडतो, तो मोजायचा कसा आणि मोजला नाही तर काय होते, हे समजून घ्यायचे असेल, तर या आकड्याकडे कौतुक थोडे बाजूला ठेवून पाहावे लागते.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. कापडगिरण्यांच्या या शहरात शालेय शिक्षण संपवून ते मुंबईला आले आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय तेव्हा नवेच होते. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असताना चीनला जाण्याची संधी समोर आली. घरची परिस्थिती पाहता शिक्षण पुरे करून दवाखाना थाटणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी दुसरा निवडला.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि वैद्यकीय साहित्याची मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी गोळा झाली आणि पथक उभे राहिले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी वैद्यकीय सेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांपैकी दोघे मराठी मुलखातले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. मुक्काम सुमारे एक वर्षाचा ठरला होता.

गुहांमधले रुग्णालय

पथक कँटनला उतरले तेव्हा सन यत्‌-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वागताला होत्या. पुढे युद्ध जसे सरकत होते तसे पथकही सरकत राहिले. हँकौ, यीचांग, मग छोंगछिंग. या प्रवासात पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला ‘ह्वा’ म्हणजे चीन हा शब्द जोडला गेला. कोटणीस झाले के दी-ह्वा. त्यांना आजही तिथे याच नावाने ओळखतात.

छोंगछिंगला असताना वडिलांच्या निधनाची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. घरी परतण्याचे कारण होते आणि कोणी दोषही दिला नसता. कोटणीस पुढे गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत खोदलेल्या गुहा हेच तिथले रुग्णालय होते. विमानांतून बाँब पडत असताना गुहेइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

इथून पथक विरळ होऊ लागले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले, पुढे अटलही आजारामुळे परतले. पाचांचे काम दोघांवर आले. कोणत्याही आपत्कालीन सेवेत हे घडते. माणसे कमी होतात, रुग्ण मात्र कमी होत नाहीत, आणि उरलेल्यांच्या वाट्याला किती आले याचा हिशेब कुठल्याही कागदावर आपोआप दिसत नाही.

बेथ्यून यांची रिकामी जागा

चीनच्या उत्तरेकडील डोंगराळ आघाडीवर त्या आधी एक कॅनडियन शल्यचिकित्सक काम करत होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. जखमींनी डॉक्टरपर्यंत येण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांनीच जखमींकडे जावे, हे त्यांचे तत्त्व होते. स्पेनमध्ये त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीतून आघाडीपर्यंत नेणारी सेवा चालवली होती. चीनच्या डोंगरात मोटारी जात नव्हत्या, म्हणून शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांवर लादले जाई आणि जखमींना गावकरी स्ट्रेचरवरून खांद्यावर वाहून आणत. आजच्या रुग्णवाहिकेचे चालक आणि मदतनीस म्हणजे त्या वेळचे हे शेतकरी.

एप्रिल १९३९ मधील एका लढाईत बेथ्यून यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. भागाकार केला तर दर ३६ मिनिटांना एक. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, संसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. प्रतिजैविके अजून वापरात आली नव्हती.

कोटणीस, अटल आणि बसू नोव्हेंबर १९३९ मध्येच येनानहून आघाडीकडे निघाले होते. पुढच्या वर्षी कोटणीस वुताई पर्वताच्या परिसरातील तळावर पोहोचले आणि बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. चिनी भाषा ते इतकी शिकले होते की वर्गात दुभाष्याची गरज उरली नाही.

तेरा दिवस, ५५८ शस्त्रक्रिया

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपानी सैन्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली. ‘शंभर पलटणींची मोहीम’ म्हणून ती इतिहासात ओळखली जाते. तिच्यातील एका १३ दिवसांच्या लढाईत कोटणीस यांच्या पथकाकडे ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांतील ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातच तीन दिवस आणि तीन रात्री न झोपता काम करण्याची वेळ आली.

हे आकडे नीट मांडून पाहू. ५५८ ला १३ ने भागले तर दिवसाला सुमारे ४३ शस्त्रक्रिया होतात. चोवीस तासांपैकी एक मिनिटही वाया गेले नाही असे धरले, तरी एका रुग्णाला सुमारे साडेतेहतीस मिनिटे मिळतात. त्यात जखम पाहणे, भूल, गोळी किंवा तुकडा काढणे, टाके, मलमपट्टी, हत्यारे उकळणे आणि पुढचा रुग्ण आणणे, सगळे आले. जेवण आणि झोप यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. बेथ्यून यांच्या ३६ मिनिटांशी हा आकडा किती जवळचा आहे! तंबू, देऊळ किंवा शेतकऱ्याचे घर हेच शस्त्रक्रियागृह असताना माणसाच्या हातांची कमाल गती बहुधा एवढीच असावी.

आता याच ५५८ शस्त्रक्रिया पूर्ण वर्षावर पसरवून पाहा. रोजची सरासरी येते दीड. एखाद्या अधिकाऱ्याने फक्त वार्षिक तक्ता पाहिला असता, तर या पथकाला फारसे काम नाही असा निष्कर्ष काढून आणखी दोन माणसे हलवली असती. कामाचा भार मोजताना होणारी पहिली मोठी चूक हीच. सरासरी खोटी नसते, पण ज्या तासांत माणूस मोडतो ते तास ती लपवते. म्हणून भार मोजायचा तो तासागणिक आणि पाळीगणिक मोजावा लागतो.

काम मोजण्याची रीत

रुग्णवाहिकेवरील माणसांचा भार मोजण्यासाठी जगभर एक साधे गुणोत्तर वापरले जाते. गाडी आणि तिच्यावरची माणसे जितके तास कामावर होती, त्यांतील किती तास ती प्रत्यक्ष रुग्णाच्या कामात गुंतली होती? बारा तासांच्या पाळीत सहा तास गुंतली असेल तर गुणोत्तर ०.५. ऐकायला हे अर्धेच काम वाटते. उरलेल्या अर्ध्या वेळात गाडी धुणे, ऑक्सिजन सिलिंडर बदलणे, नोंदी लिहिणे, जेवणे आणि पुढच्या फोनसाठी सज्ज राहणे येते.

गुणोत्तर १ च्या जवळ का नेऊ नये, याचे उत्तर डेन्मार्कचे गणिती आग्नर एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिले. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते आणि किती फोन आले तर किती तारा लागतील हे त्यांना काढायचे होते. त्यांच्या गणितातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. एकच गाडी आहे, फोन कधीही येतात, एका रुग्णाला सरासरी एक तास लागतो, असे सोपे उदाहरण घेऊ. गाडी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर नव्या रुग्णाला सरासरी एक तास थांबावे लागते. ऐंशी टक्के गुंतलेली असेल तर चार तास. नव्वद टक्के असेल तर नऊ तास. काम थोडे वाढते, वाट पाहणे मात्र पटींनी वाढते. गाड्यांची संख्या जास्त असली की हे तास कमी होतात, तरी आलेख याच पद्धतीने एकदम वर चढतो. आपत्कालीन सेवेत काही गाड्या रिकाम्या दिसतात, त्या आळशी नसतात. पुढच्या जखमीसाठी राखलेली ती जागा असते.

पण घड्याळही सगळे सांगत नाही. घरात पडलेल्या आजीला तळमजल्यावरून उचलणे आणि चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवणे यांना सारखाच वेळ लागला तरी काम सारखे नसते. लहान मुलाच्या अपघातानंतरचा अर्धा तास आणि ठरलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला सोडण्याचा अर्धा तास यांचे वजन वेगळे. हे वजन मोजण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेत वैमानिकांसारख्या कामांसाठी तयार झालेली एक प्रश्नावली आरोग्यसेवेतही वापरली जाते. डोक्याला किती ताण, शरीराला किती ताण, वेळेची किती घाई, काम किती साधले, किती कष्ट पडले आणि किती वैताग आला, अशा सहा बाजूंनी काम करणाऱ्याने स्वतःच गुण द्यायचे असतात. यंत्र जे मोजू शकत नाही ते माणसाला विचारून कळते.

तिसरी गोष्ट झोपेची. सलग १७ तास जागा असलेला माणूस हाता-डोळ्यांच्या समन्वयात रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो आणि २४ तासांनी ही पातळी ०.१० टक्क्यापर्यंत जाते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. भारतात वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. बहात्तर तासांची जागरणाची गोष्ट या मोजपट्टीवर ठेवली की तिचा अर्थ बदलतो. कोटणीस यांचे धैर्य त्याने कमी होत नाही. त्यांच्याकडून किती मागितले गेले, ते मात्र स्पष्ट दिसते.

संचालक, शिक्षक, पती, रुग्ण

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. वय तीस. शस्त्रक्रिया, वॉर्ड, वर्ग, औषधांची जुळवाजुळव आणि जपानी सैन्याच्या मोहिमा आल्या की रुग्णांसकट सारे रुग्णालय डोंगरात हलवणे, हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर आले. नाकेबंदीमुळे औषधे आणि हत्यारे यांचा कायम तुटवडा. विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक नव्हते म्हणून त्यांनी शल्यचिकित्सेचे प्राथमिक पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे, अधिक सविस्तर पुस्तक हाती घेतले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा ठेवले गेले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन.

या काळात त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जावे, विश्रांती घ्यावी, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला. ते थांबले. त्यांच्या जागी उभे राहील असा दुसरा शल्यचिकित्सक जवळ नव्हता. अपस्मार असलेल्या माणसाला आजचे डॉक्टर पहिली सूचना देतात ती औषध न चुकवण्याची आणि दुसरी झोप न चुकवण्याची. जागरण हे झटका सुरू करणाऱ्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. कोटणीस यांना डॉक्टर म्हणून काय माहीत असावे आणि संचालक म्हणून काय करावे लागत होते, यांत मोठे अंतर पडले होते.

९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील गेगोंग गावात लागोपाठ झटके येऊन त्यांचा मृत्यू झाला. एकामागून एक येणारे आणि मध्ये शुद्ध न येऊ देणारे झटके ही आजही तातडीची आणीबाणी मानली जाते. शिरेतून औषध, ऑक्सिजन आणि काही मिनिटांत पोहोचणारी रुग्णवाहिका असेल तर बहुतेक रुग्ण वाचतात. त्या डोंगरात यातले काही नव्हते. वय ३२ वर्षे दोन महिने होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

पुढे शिच्याच्वांग येथील हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी उभी राहिली, जवळच बेथ्यून यांचीही आहे. पथकातील शेवटचे सदस्य डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. मुलगा यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असताना ऐन पंचविशीच्या आत १९६७ मध्ये वारला. क्वो छिंगलान यांनी दीर्घ आयुष्य पाहिले, अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरातील जन्मघराचे आता स्मारक झाले आहे.

नागपूरच्या रस्त्यावर

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक जीवरक्षक. प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला या सेवेत पायलट म्हणतात. दोनच माणसे. स्ट्रेचर उचलायला तीच, रुग्णाजवळ बसायला एक आणि गाडी चालवायला दुसरा.

नागपूरचे मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही रुग्णालये केवळ शहराची नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि सीमेपलीकडील छिंदवाडा, बालाघाटचे गंभीर रुग्ण इथे येतात. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. रुग्ण आणून सोडला आणि गाडी परत गेली की पाळीचा मोठा भाग संपला. शहरातल्या गाडीने तेवढ्या वेळात पाच-सहा रुग्ण पोहोचवलेले असतात. फक्त रुग्णांची संख्या मोजली तर गडचिरोलीची गाडी रिकामी आणि शहरातली व्यग्र ठरते. तास, किलोमीटर आणि रात्रीचा वाटा धरला तर चित्र उलटू शकते. शिवाय ती गाडी नागपुरात आहे तेवढा वेळ तिच्या मूळ तालुक्याला गाडी नाही, हाही भाराचाच भाग, तो तिथल्या पुढच्या रुग्णावर पडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना उष्माघाताचे फोन वाढतात आणि त्याच उन्हात स्ट्रेचर उचलणाऱ्या दोघांच्या शरीरावरही तोच ताण येतो. वर्षाच्या सरासरीत हे आठवडे दिसत नाहीत.

म्हणून अशा सेवेच्या नोंदवहीत काही रकाने असायलाच हवेत : पाळीतले गुंतलेले तास, सलग जागरणाचे तास, पाळी संपल्यावर चाललेले काम, जेवणाची सुट्टी मिळाली की नाही, आणि दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती मिळाली. ही माहिती फोन आल्याची, गाडी निघाल्याची, रुग्ण उचलल्याची आणि सोडल्याची वेळ यांतून सहज निघते. या वेळांची नोंद आधीच होत असते. प्रश्न ती बेरीज करून पाहण्याचा आणि आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बदली माणूस देण्याचा आहे.

कोटणीस यांच्याजवळ बदली माणूस नव्हता. युद्ध होते, नाकेबंदी होती आणि पाचांपैकी तिघे परतले होते. आज विदर्भातल्या रस्त्यावर तशी सक्ती नाही. इथे पाळी आखता येते, तास मोजता येतात आणि थकलेल्या पायलटला घरी पाठवून दुसऱ्याच्या हाती चावी देता येते.